तीन भोकं आणि एक धवला

६ एप्रिल, सोमवार

सकाळपासून बेंबीपाशी दुखतंय. भाकरी समोर आली की ढवळतं. नीताला सांगितलं, गॅस आहे. सुनेला खरं सांगायचं म्हणजे कुंदनला सांगायचं, आणि कुंदनला सांगायचं म्हणजे थेट डीजेवाल्याला!

अठराला प्रणितची हळद. आमच्यात धवलारीण लग्नाचं गाणं, धवला, गाते तेव्हा नवऱ्याला हळद लागते, आणि या गावची धवलारीण मी. पण माझ्या लेकाला, कुंदनला, मांडवात डीजेचे भोंगे हवेत. "आये, तुला झेपल का आता?" काय काळजी ती! मी आजारी पडले की त्याला आयतंच मिळालं. नातवाच्या हळदीला मी कोपऱ्यात, खुर्चीवर.

म्हणून हे फक्त या फोनला. मला अक्षर येत नाही. मी बोलते, तो लिहितो. प्रणितने शिकवलंय. फोनचं एक बरं — मधेच सल्ला देत नाही.

७ एप्रिल

उलटी झाली. गुपचूप आशालताला बोलावलं. माझी धाकटी जाऊ, गावभरच्या बेंब्यांची मुकादम. बोट ठेवलं न ठेवलं, निकाल — बेंबी सरकली! पोट चोळलं, वर पणती लावली, पणतीवर तांब्या पालथा. तांब्या असा चिकटला की दोघींनी ओढून काढला. पोटावर लाल चंद्र उमटला.

बेंबी जागेवर आली म्हणे. दुखणं मात्र उठून उजवीकडे खाली जाऊन बसलं. भाडेकरूसारखं — खोली बदलली, घर काही सोडलं नाही.

८ एप्रिल

वाकूनच उठले. अंगात ताप. नीताने बघितलं आणि एक शब्द न बोलता रिक्षा बोलावली. नीता आणि एक शब्द न बोलता! तेव्हाच घाबरले मी.

रस्त्यात न्हावा शेव्याचे कंटेनर, आणि त्यांनी पाडलेला प्रत्येक खड्डा माझ्या उजव्या कुशीत.

डॉक्टरीण नातीच्या वयाची. पोट दाबलं, मी सोसलं. हात झटकन सोडला तेव्हा जीव गेला. धरलं तर बरं, सोडलं तर कळ — असलं दुखणं लेकरांचंच माहीत होतं. मग तिला चंद्र दिसला. विचारते, हे काय? म्हटलं, ग्रहण.

ती हसली नाही. रक्त काढलं, सोनोग्राफी केली. अपेंडिक्स सुजलंय, फुटायच्या बेतात आहे म्हणाली. आणखी चोळत बसला असतात तर पोटभर पू झाला असता. आजच्या आज काढायचं.

मी एकच विचारलं, "दहा दिवसांनी गाता येईल?"

"दुर्बिणीतून करतोय आजी. तीन छोटी भोकं. पोट फाडणार नाही. गा, पण हळू. पोटावर जोर द्यायचा नाही."

"हळू कोन ऐकनार?" नीताच्या फोनवर धावत आलेला कुंदन लगेच म्हणाला. "मग डीजेच बरा."

सुरी लागायच्या आधीच एक भोक पडलं.

९ एप्रिल

काढलं! आणि दुर्बीण कुठून घातली? बेंबीतून! आशालताने जागेवर आणलेलं दार, यांनी तिथूनच सामान बाहेर काढलं.

१० एप्रिल

कापलं पोट, दुखतो खांदा. आत हवा भरून पोट फुगवतात म्हणे, तीच वर चढते. नीता मला व्हरांड्यात चालवते, जसं मी तिला बाळंतपणात चालवलं होतं. सूड!

बरणीत ते अपेंडिक्स दाखवलं. करंगळीएवढं. एवढंसं ते, आणि दोन दिवस सगळं घर त्याच्या तालावर नाचलं. त्याचं नाव कुंदन ठेवायला हवं होतं.

१३ एप्रिल

घरी. दार लावून धवला म्हणून बघितला. धवला पोटातून उठतो. दुसऱ्याच ओळीला टाके ओढले. गायले ते चुलीपर्यंतही पोचलं नसेल.

डीजेवाला कल्पेश भोंग्यांची जागा बघायला आला. नेमकी मी धवला गायला बसते त्या पाटाची जागा आवडली त्याला! कुंदन मान डोलावतोय. तेवढ्यात नीता स्वयंपाकघरातून, लाटणं हातात — "आईंचा पाट हलनार नाय."

मी हिला काय काय बोलत आले या फोनपाशी. असो. भाकऱ्या जाडच करते.

१७ एप्रिल

उद्या हळद. अपेंडिक्स काढलं, धाकधूक आतच ठेवली. डॉक्टरीण विसरली.

१८ एप्रिल, रात्री

पाटावर बसले. तोंड उघडलं. पुढच्या रांगेतली म्हातारीसुद्धा कानामागे हात लावून बसली. कुंदनने कल्पेशला खूण केली — लाव.

नीता उठली. कल्पेशच्या हातातला माईक काढून माझ्या तोंडाशी धरला. "आई, हळूच म्हना."

बाळाला निजवावं तसं म्हटलं. भोंगे घेऊन गेले, पार वेशीपर्यंत. जन्मभर ओरडून गायले, तेव्हा लोकांना नुसता आवाज ऐकू गेला. आज शब्द गेले. प्रणित खाली मान घालून बसला होता. कुंदन मांडवाच्या खांबाला टेकून, पाठमोरा. बराच वेळ वळला नाही.

१९ एप्रिल

सकाळीच कल्पेश दारात. "आजी, फुडच्या रविवारी हळद हाय एक. माज्याबरोबर येशाल का?"

म्हटलं, कुंदनला विचार. आयेला झेपल का ते.