पॅलेटमधली हजेरी

३ मार्च २००९, चिकलठाणा
रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला की अजिंठ्याच्या शाळेत घंटा व्हायची, आणि मागोमाग चाळीस गळ्यांतून कविता. तो ठणठणाट आज पुन्हा कानात घुमला. मास्तरकीतल्या निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी! गोदामात लाकडी फळ्यांवर खोकी रचून बांधलेले पॅलेट तपासायचे, सही करायची. मजीदभाई प्लास्टिक फिल्मचा रोल धरून खोक्यांच्या थप्पीभोवती उलट्या पावलांनी फिरतात. पहिले तीन वेढे खालच्या लाकडासकट, म्हणजे वाटेत माल घसरत नाही. त्या पावलांना भुजंगप्रयाताची लय आहे.

५ मार्च
शेवटचा वेढा आवळण्याआधी मजीदभाई पॅलेटवर थाप मारतात, तीनदा विचारतात, "आत कोन हाय?" मगच आवळतात. कारण विचारलं तर नुसता घाम पुसला. सुपरवायझर कारभारी म्हणाले, म्हाताऱ्याची सवय आहे, चालू द्या.

९ मार्च
मजीदभाई रजेवर. पाय भरून आलेत. त्यांच्या जागी हमाल बद्रीनाथनं फिल्म गुंडाळली, विचारायचं काम माझ्याकडे आलं. थाप मारली आणि दमल्या तोंडातून जुनी हजेरीच निघाली. पुंजाराम, सांडू, फकिरा...
आतून आलं, "हजर, गुरुजी."
फिल्म कापा म्हणालो. कारभारींनी हाका मारून पाहिल्या, सगळी माणसं बाहेरच होती. उन्हानं होतं असं, म्हणाले. गाडी खोळंबली होती. मी सही केली.

११ मार्च
मजीदभाईंना सांगितलं, रोल खाली ठेवून ते सांगू लागले. अजिंठ्याचा फकिरा इथंच कामाला होता. नऊ वर्षांपूर्वी दुपारी थप्पीच्या पोकळीत झोपला. त्यांनी न विचारता गुंडाळलं. गुदमरला.
माझा फकिरा. रोज उशिरा यायचा, दारात उभा राहून परवानगी मागायचा.
मजीदभाई म्हणाले, "मला रोज दुपारी इचारतो, आत येऊ का. मी बोलत नाय. आधीचा चेकर ये म्हनला, तो दुसऱ्या दिवशी पॅलेटात मेलेला घावला. तुमी तर नाव घेऊन बोलावलंय."

१२ मार्च
झोप नाही. दारातल्या पोराला आयुष्यभर एकच उत्तर दिलं: ये. तोंड ऐकेल का?

१३ मार्च, दुपार
जेवणाची सुट्टी. मजीदभाई पाण्याला गेलेत — फिल्म उलगडल्याचा चर्र आवाज — मी माझ्या तोंडात रुमाल कोंबलाय —
दाराशी कोणी पाठमोरं, उलट्या पावलांनी — वळलं — फिल्मखाली ओठ हलताहेत —
"आत येऊ का, गुरुजी?"
भीती वाटायला हवी. पण पोरगं किती दमलंय. नऊ वर्षं उभंच. हजर म्हणालं, तरी मी सही केली —
रुमाल काढला. ये, फकि