चार सेकंदांचा थांबा

प्रिय हर्षल,

अनेक आशीर्वाद. तू शिकून पुण्याला गेलास, पण तू बनवलेलं यंत्र आपल्या चिखलीच्या कॉलेजात मजेत आहे. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये जंतूंवर औषधाचे थेंब टाकायला मला अख्खी दुपार लागायची. ते काम हे पाच मिनिटांत उरकतं. मग त्याचाच कॅमेरावाला सूक्ष्मदर्शक मेलेले किती, जिवंत किती ते मोजतो. मी स्टुलावर बसून लक्ष ठेवल्यासारखं करतो. नोकरी आहे ना.

माझ्या मनगटाला हालचाल टिपणारा पट्टा बांधून दोन दिवस तू यंत्राला माझा हात शिकवलास. बावीस वर्षांत त्या हाताकडे कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून बरं वाटलं. पण तू सगळंच शिकवलंस रे! दर ओळीआधी मी थांबायचो, तेही. आता यंत्रसुद्धा दर ओळीआधी चार सेकंद थांबतं. परवा प्राचार्य रंगराव सर पाहून म्हणाले, "शालिग्राम, हे काऊन थांबून राह्यलं? चहा लागते का याले?"

आपल्या लॅबमध्ये एम.एस्सी. करणारी वैष्णवी सांगते, तू याचे नकाशे आणि प्रोग्राम नेटवर फुकट ठेवलेस म्हणून ब्राझीलपासून जपानपर्यंत लोकांनी हे यंत्र बनवलं, आणि सगळीकडे ते थांबतं. एकानं म्हणे लिहिलं, बुडबुडे जिरावेत म्हणून थांबतं. दुसऱ्यानं ते खोडायला आलेखासह दोन पानं लिहिली. तू फोनवर विचारलंस, "काका, खरं कारण काय?" मी म्हणालो, "रीत आहे." खोटं नव्हतं, अर्धं होतं.

पूर्ण असं. थेंब पडला की त्या ओळीतले जीव मरतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण सूक्ष्मदर्शकाखाली कसे वळवळतात ते मी पाहिलं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून दर ओळीआधी मनातल्या मनात म्हणतो, "बापहो, माफ करा, पोटासाठी करून राह्यलो." त्याला चार सेकंद लागतात. तुझ्या काकूलाही हे सांगितलेलं नाही. डास मारताना का माफी मागत नाही, असं तिनं विचारलं असतं.

कारण सापडत नाही म्हणून सोमवारी तू नेटवरच्या प्रोग्राममधून तो थांबा काढणार, असं वैष्णवी म्हणाली, म्हणून हे पत्र. आता तू ठरव. काढलास तरी राग नाही. जपानच्या लोकांना घाई असेल. पण ज्यानं त्यानं आपलं यंत्र हवं तसं बदलावं, हा नियम तुझाच ना? वैष्णवीकडून शिकून मी इथला थांबा चाराऐवजी सहा सेकंदांचा केला आहे. यंदाचं औषध फार जालीम आहे.

तुझाच,
शालिग्रामकाका