दादाच्या हॉटेलचं सामान

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला बसण्याआधी तीनदा हात धुतले आहेत. तरी कागदावर तेलकट डाग दिसला तर माझा नाइलाज समज. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहिते.

पाळणाघराचं काम मिळाल्याचं तुला कळवलं होतंच. एक एप्रिलपासून रोज एकशेवीस पोरांचं दुपारचं जेवण माझ्याकडून जायचं आहे. हे कळल्यावर दादा म्हणाला, नवं कशाला घेतेस, माझ्या बंद हॉटेलातलं सगळं पडून आहे, घरातलं घरात राहील. मला अगदी भरून आलं. ते भरून येणं आज हॉटेलचं दार उघडेपर्यंत टिकलं.

शी, ताई! शेगडीवरच्या धुराड्यातून जुनं तेल काकवीसारखं ओघळत होतं, त्याचा एक थेंब माझ्या केसांत पडला. फ्रीजच्या दाराचं रबर ओढून बघितलं तर आत काळं, बुळबुळीत काहीतरी आणि त्यात झुरळांचा अख्खा संसार. भाजी कापायच्या यंत्राचं पातं समोरून चकचकीत, पण मागे हात घातला तर बोटं चिकटली. तो वास अजून नाकातून जात नाही. दादा मात्र मजेत शीळ घालत होता. म्हणाला, चार वेळा घासलं की लख्ख. वहिनी तोंडाला रुमाल लावून दारातच उभी राहिली, आत पाऊलही टाकलं नाही तिने.

नाही कसं म्हणू? हॉटेल बंद पडल्यापासून तो पहिल्यांदाच इतका खुशीत दिसला. तू तीस वर्षं इस्पितळाचं स्वयंपाकघर सांभाळलंस, आता तूच सांग.

लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
बारकी

*

९ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी जेवता जेवता उघडलं, ही माझी चूक. ताट तसंच सरकवून ठेवलं.

भीड ही भिकेची बहीण, हे तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून मी तुला सांगते आहे. शेजारणीने दिलेली आंबलेली खीरसुद्धा तू तिला वाईट वाटू नये म्हणून संपवली होतीस आणि मग रात्रभर मला जागवलं होतंस. या वेळी खाणारी तू नाहीस. दोन-तीन वर्षांची पोरं आहेत, त्यांना पोटात दुखतं हेसुद्धा नीट सांगता येत नाही.

आमच्याकडे कुठलंही भांडं आलं, नवं असो की जुनं, तर आम्ही एकच करायचो. उकळतं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा घेण्याआधी झाकण काढून नाक आत घालायचं. यंत्र असेल तर सगळे स्क्रू काढून सुटे भाग गरम पाण्यात झाकून ठेवायचे. साबण डोळ्यांना फसवतो, नाकाला नाही. वास आला की सामान परत, मग ते सख्ख्या भावाचं का असेना.

दादाला सांगायचं धाडस नसेल तर माझ्या नावावर खपव. तब्येतीला जप, आणि केस शिकेकाईने धू.

तुझी,
ताई

*

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी काही बोलायच्या आत दादा रविवारी टेम्पोच घेऊन आला. सगळं सामान त्याने चार दिवस एकट्याने घासलं होतं, सोड्याने बोटांची सालं निघालेली. ते हात बघून माझी जीभ रेटेना. पण तू सांगितलेलं मी केलं.

सकाळी चहाआधी यंत्राच्या सुट्या भागांवरचं झाकण काढलं. पाणी तपकिरी झालेलं, वर जाड तवंग आणि कपाटामागे उंदीर मरून पडावा तसा वास. मी मोरीपर्यंतही पोचले नाही, दारातच ओकले. फ्रीजचं तर लिहीतही नाही, तू पुन्हा ताट सरकवशील.

मोठ्या पातेल्याला मात्र कुजका वास नव्हता. त्याला रंगाचा वास होता. पाण्यावर चंदेरी पापुद्रे तरंगत होते. दादाला फोन केला तर तो कौतुकाने म्हणाला, आतून काळं पडलं होतं, खड्डे होते, तुला आवडावं म्हणून खिडकीच्या गजांचा उरलेला रंग दोन हात मारला. ज्या पातेल्यात पोरांचं सूप करायचं त्याला गजांचा रंग! डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. यातलं काहीच चालणार नाही असं मी सांगून टाकलं. त्याने फोन ठेवला.

माझा राग करू नकोस, लोभ ठेव.

तुझी,
बारकी

*

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बारकीने माझ्या सामानाला नाक मुरडलं हे तुला कळलं असेलच. रंगाचं चुकलं, कबूल, खरवडून देतो. पण बाकीच्याचं काय? अठरा वर्षं मी त्याच यंत्रावर भाजी कापली. एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. तुझ्या निवृत्तीच्या जेवणाचं तेवढं सोड, आणि ते तर टाकीच्या पाण्यामुळे झालं, हे तूच सगळ्यांना सांगितलंस.

हॉटेल गेलं. निदान सामान तरी बहिणीच्या उपयोगी पडावं, एवढंच मनात होतं. तुझा शब्द ती मोडणार नाही. तिला समजाव. तुझी माया आहे म्हणून हक्काने लिहिलं.

तुझा,
धाकटा भाऊ

*

२० मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

दादाचं पत्र सोबत पाठवते आहे. त्यातलं टाकीच्या पाण्याचं वाक्य दोनदा वाच.

माझ्या निवृत्तीच्या जेवणाला आपली पस्तीस माणसं होती. त्या दिवशी हात धुवायला मी त्याच्या स्वयंपाकघरात गेले होते. त्या यंत्राजवळ मला वास आला. ज्या बाईने तीस वर्षं नाकावर नोकरी केली, तिला न कळायला काय झालं? मी बाहेर आले आणि सगळ्यांबरोबर मुकाट्याने जेवायला बसले. धाकटी काकू चार दिवस सलाइनवर होती, तूही दोन दिवस उठली नव्हतीस. आरोग्य खात्याचा माणूस चौकशीला आला तेव्हा मीच म्हणाले की टाकीचं पाणी खराब असणार. इस्पितळाच्या स्वयंपाकघराची मुख्य म्हटल्यावर त्याने माझं ऐकलं, टाकी धुवायला सांगितली आणि गेला. भाऊ वाचला, असं मला वाटलं. त्यानंतर किती माणसं त्याच यंत्रावरचं जेवली असतील याचा मी कधी विचार केला नाही.

आणि वर तुला भिडेवर व्याख्यान देते! त्या तपकिरी पाण्यापेक्षा मला माझी किळस येते. दादालाही आज हे सगळं असंच लिहिते आहे. सामान घेऊ नकोस.

राग आला तरी उत्तर धाड.

तुझी,
ताई

*

२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दादा आला, वहिनी बरोबर होती. तुझं पत्र त्याच्या खिशात होतं. तो थेट मागच्या अंगणात गेला. यंत्राचे भाग अजून तिथेच त्या पाण्यात झाकलेले होते. त्याने झाकण काढलं, खाली वाकला, अख्खं तोंड आत घातलं आणि चांगला लांब श्वास घेतला. मग सरळ उभा राहून म्हणाला की कसलाच वास नाही.

मला वाटलं, हट्ट करतोय. पण तो पुन्हा वाकला, पुन्हा हुंगलं, आणि मग त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली. म्हणाली, कितीतरी वर्षं झाली, नासलेलं दूध यांना कळत नाही, एकदा तर गॅस सुटलेला कळला नाही. त्यांच्या नकळत ती फेकायचं ते फेकत राहिली. म्हणजे यंत्राचं तुला ठाऊक होतं, नाकाचं तिला ठाऊक होतं, एकट्या त्यालाच काही ठाऊक नव्हतं.

दादा पायरीवर बसला. मला म्हणाला, कसला वास येतो ते सांग. मी काही न लपवता सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, मग उठून सामान स्वतः टेम्पोत चढवलं आणि भंगारात नेऊन टाकलं. आज सकाळी आला आणि विचारत होता, भाजी हाताने चिरायला माणूस हवा का. हो म्हटलं आहे. निवडायला मात्र वहिनी बसेल. दोन नवी पातेली आणि चार सुऱ्या आणल्या, फ्रीज भाड्याने घेतला. सगळ्याला उकळतं पाणी भरून झालं, सगळं पास.

तुझा राग आला होता. अजूनही आहे, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी गोष्ट लिहायची आहे. काल दादा वाकला तेव्हा वहिनीने नाकाला रुमाल लावला होता. मी लावला नव्हता. मी त्याच्या शेजारी हात बांधून उभी होते आणि वास येत असूनही मला त्याचं काही वाटत नव्हतं. दहा दिवसांपूर्वी याच वासाने मी ओकले होते, ताई. सवयीला अठरा वर्षं लागत नाहीत.

म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला तू इथे यायचंस. सकाळी, चहा न घेता. सगळी झाकणं काढून नाक घालायचंस, आणि वास आला तर या खेपेला तोंडावर सांगायचंस, माझ्या आणि पोरांच्या आयांच्या देखत.

लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, पण खरं सांगावंस, ही विनंती.

तुझी,
बारकी