जुनी वॅगन, नवी वॅगन

४ मार्च
पुन्हा लेकीचा फोन. आई, ती बाबांची जुनी वॅगन गाडी आता काढून टाक. त्याच कंपनीची नवी घे, तशीच लांबट, तशीच वेगवान, शिवाय सुरक्षित. मी हो-हो केलं. फोन ठेवला आणि घर पुन्हा गप्प.

५ मार्च
मेकॅनिकनं बॉनेट उघडून बराच वेळ इंजिन ऐकलं. म्हणाला, काकांनी हिला लेकीसारखं जपलंय, अजून कुणाला हार जायची नाही. खरंय. पण हे गेल्यापासून बाजारापलीकडे नेलेलीच नाही. शर्यतीच्या ताकदीची गाडी, आणि मी तिच्यातून भाजी आणते!

७ मार्च
सकाळी टेकडीच्या रस्त्याला जुनी काढली. क्लच जड, स्टिअरिंग जड. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर विचार करते, मग पाठीत धपाटा घातल्यासारखी सुटते. तो क्षण ह्यांचा फार लाडका. म्हणायचे, "थांब, आता बघ." आज मीच म्हटलं — मोठ्यानं. शेजारची सीट रिकामी.
गुडघा ठणकतोय.

८ मार्च
शोरूममधला विक्रेता नवी घेऊन दारात हजर. तोच रस्ता, तीच वळणं. हिला विचार करणं माहीतच नाही, दाबलं की सुटली. गियर आपले आपण पडतात. इंजिनाचा आवाजसुद्धा निम्मा स्पीकरमधून येतो म्हणे! गुडघा दुखला नाही, पाठ दुखली नाही.
विक्रेता म्हणाला, मागे कुत्रा, सामान, नातवंडं, सगळं मावेल. मावेल की. माझ्याकडे ठेवायला एक छत्री आहे.
खरं लिहायचं तर मला नवीच आवडली. ह्यांच्याशी फितुरी केल्यासारखं वाटतंय. आणि बोलणार कुणाशी?

९ मार्च
काल एक गोष्ट लिहायची टाळली.
परतताना चौकात डावीकडे वळत होते. रस्ता मोकळा होता. गाडी एकदम आपणहून थांबली, पट्टा छातीत रुतला. समोर सायकलवर एक बाई, पांढरीफटक पडलेली. विक्रेता गाडीचं कौतुक करत सुटला. मी नुसती मान हलवत होते.
मला ती बाई दिसलीच नव्हती.
जुनी थांबली नसती.

१० मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. फोनवरच्या मुलीनं विचारलं, सोबत कोण येणार? म्हटलं, कुणी नाही.

१३ मार्च
काचबिंदू. डावीकडचं बरंचसं दिसणं गेलंय, आणि ते परत यायचं नाही. गाडी चालवायची नाही — जुनी नाही, नवीही नाही.
टॅक्सीनं घरी आले. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "जुनी विकू नकोस, ती मी चालवीन. मी येतेय. राहायलाच येतेय."