खिळ्याची भिंत

बाबा, गेल्या आठवड्यात माझ्या नावावर घर झालं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, वाईटही वाटलं नाही. तुम्हाला कळवायचं म्हणून लिहायला बसले.

आम्ही सात जणींनी म्हातारपणी एकत्र राहायचं ठरवलं होतं. नोएडाच्या पुढे सात छोटी घरं, मध्ये एकच स्वयंपाकघर. अडलं ते कागदावर. सगळं सोसायटीच्या नावावर ठेवून प्रत्येकीने हयात असेतो राहायचं, की जिच्या तिच्या नावावर रजिस्ट्री करायची? पहाडगंजच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारी, तुमची लाडकी, ती सोसायटीवर आस लावून होती. विकत घेणं तिला झेपणारच नव्हतं. तीन मतं इकडे, तीन तिकडे. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मला सरोजिनी नगरचं क्वार्टर आठवलं. मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकतेय आणि तुम्ही हातोडी काढून घेताय. "घर सरकारचं आहे. आपण पाहुणे." जन्मभर पाहुणे! रिटायर झालात तेव्हा आईने चोरून ठोकलेल्या खिळ्यांची भोकं तुम्ही बोटाने टूथपेस्ट भरून बुजवलीत. तपासायला आलेल्या बाबूने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "चलो जी, चाबी दीजिए." तुमच्या नखात पांढरं तसंच होतं. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता.

मी म्हटलं, रजिस्ट्री. माझ्या बाबांना कधी स्वतःची भिंत मिळाली नाही, असंही म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "अच्छा. चलो, ठीक आहे यार." सगळ्यांसाठी आणलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा तिने माझ्यापुढे सरकवला आणि मेट्रो गाठायला निघाली. पुन्हा आली नाही. सातवं घर कुणा अनोळखी बाईंनी घेतलं, बऱ्या आहेत.

काल तुमचा फोटो लावायला हातोडी घेतली. भिंत माझी, कागद माझा. खिळा टेकवला आणि हातोडी ठेवून दिली. त्या क्वार्टरमध्ये ती शाळा सुटल्यावर रोज आपल्याकडे जेवायची, आणि तुम्ही तिला एकदाही पाहुणी म्हटलं नाहीत, हे मला मत देऊन झाल्यावर आठवलं.

फोटो खालीच भिंतीला टेकवून ठेवलाय. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ताच उरलेला नाही. ती मात्र इथून तासाभरावर राहते, आणि तिचा डबाही मला अजून परत देववलेला नाही.