उलट्या आट्यांची रिंग

पुणे,
शनिवार, दुपार

चि. सोनू,

तिसऱ्यांदा फोन लावला, तू "बोला मामा" म्हणालीस आणि मी विचारलं, जेवलीस का. आधी दोनदाही तेच विचारलं होतं. म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही बरे आहोत. मामीच्या गुडघ्याची सूज उतरली. वाशीमहून तुझ्या आईचा फोन आला होता. मालनताई म्हणाली, सोनूकडे लक्ष ठेव. ठेवतो म्हणालो.

जुन्या बाजारातून ती सायकलची फ्रेम घेऊन तू दुकानात आलीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. रंग गेलेला, पण पोलाद चांगलं. तू म्हणालीस, "मामा, हिला फ्रीव्हील नको. चाक फिरतंय तोवर पायडल फिरलं पाहिजे."

"म्हणजे पायांना सुट्टी नाही?"

"नाही."

"मग ऑफिसच काय वाईट आहे?"

तू हसलीस. गल्लीतले शरच्चंद्र पंक्चर काढून घ्यायला बसले होते. म्हणाले, "नागोराव, ही नव्या पोरांची कामं. तुम्हाला नाही जमायचं." मी म्हणालो, "चार दिवसांनी बघायला या."

काम तसं सोपं. फ्रीव्हील काढायचं, तिथे साधी दातेरी चकती बसवायची. पुढे पायडल मारलं की ती आवळत जाते. मागे रेटलं की सैल होऊ पाहते. म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांची रिंग लागते. ती चकतीला सुटू देत नाही. त्या रिंगेसाठी चाकाच्या मधला हबही वेगळा लागतो. पेठांतली चार दुकानं फिरलो. मागवावं लागेल, महिना जाईल, म्हणाले.

तू ऑफिसातून विचारलंस, "रिंग मिळाली?"

मी म्हणालो, "मिळाली."

मिळाली नव्हती. जुन्याच हबवर सरळ आट्यांची रिंग आवळली आहे, आट्यांना चिकटवायचं औषध लावून. पुढचा ब्रेकही तू काढायला लावलास. पायांनीच थांबवणार म्हणालीस. मी काढला. राहू दे म्हणून हट्ट धरला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

परवा तू फोटो पाठवलास. तुझं तोंड मी नीट पाहिलेलं नाही. मागच्या चाकाचा मधला भाग मोठा करून पाहत राहिलो.

आज सकाळी भंगारातल्या एका सायकलीवर अगदी तसंच काम केलं. मागचं चाक दोरीने बांधलं, पायडलवर उभा राहिलो आणि मागे रेटलं. आठ झटके टिकली. नवव्याला चकती सुटली आणि पायडल मोकळं मागे फिरलं. पोटरी सोलली आहे, बाकी काही नाही. तेव्हापासून दुकान बंद आहे. रस्त्यावरून चेनचा आवाज गेला तरी उठून दारात येतो.

उद्या तू त्याच सायकलवर बोपदेव घाट उतरणार. नऊ झटके पहिल्या दोन वळणांतच होतील.

हे पत्र संध्याकाळी खराडीला येऊन वॉचमनकडे देतो. वर येणार नाही. वर आलो तर तू चहा टाकशील, आणि मी चहा पिऊन परत येईन. वॉचमन विसरला तर? म्हणून पहाटे पाचला फाटकासमोर उभा राहीन. तू वाचलं नसशील तर सायकल धरीन.

मालनताईला काय सांगायचं ते तू ठरव.

मिळाली म्हणणारा,
तुझा मामा
नागोराव


रविवार, सकाळ

मामा,

पत्र वॉचमनने कालच वर आणून दिलं. आज सकाळी पार्किंगमध्ये चाक खांबाला बांधलं आणि तुम्ही केलं तसं केलं. चौथ्या झटक्याला सुटली.

घाटात गेले नाही. आईला सांगितलेलं नाही. चाक दुसऱ्या दुकानात देते आहे.

तुम्ही सात वाजेपर्यंत फाटकासमोर होतात. मी वरून पाहत होते.

सोनू