खरकटा हात

पूर्णा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

सरजामावशी,

सप्रेम जय भीम. पाकिटावरचं नाव बघून हे चुलीत घालावं वाटलं तर घाला, पण वाचून घाला. फोनवर माझा आवाज चढतो, तुम्हाला माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं. हे तिसऱ्यांदा लिहायलोय.

तुमची अंगणवाडी कशी आहे? गुडघा दुखायचा राहिला का? म्हैस व्याली असेल. मी बरा आहे. दिवाळीपासून इथं धम्मानंदमामाकडं राहतो. मामा लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घेतो, मी हाताखाली असतो. कॉलेजचं पुढं लिहितो.

आधी इथली गोष्ट. मागच्या आठवड्यात विहारात लांबलांबचे भंते आले होते, चार दिवस. भोजनदानाचा स्वयंपाक मामाकडं होता. पहिल्याच सकाळी वरणात दोनदा मीठ कोणी टाकलं यावरून माझं आणि लिंबाजी आचाऱ्याचं जुंपलं. मामा म्हणला, "ह्याला चुलीपासून लांब करा. तिथं जाळ हायच." मग मला हात धुवायच्या पाण्याचं काम दिलं. हातात जग, खाली टब, खांद्यावर टॉवेल. जेवणाआधी पाणी घालायचं, जेवणानंतर घालायचं. मधल्या वेळात नुसतं उभं राहायचं. भंते बाराच्या आत जेवतात आणि जेवताना बोलत नाहीत. मग मी हातच बघत बसलो. मावशी, असे हात मी जन्मात बघितले नव्हते.

लाओस नावाच्या देशाचे दोघं होते, माझ्याच वयाचे. त्यांनी त्यांच्याकडचा चिकट तांदूळ सोबत आणला होता. तो वाफेवर शिजवतात. चिमूटभर भात घ्यायचा, बोटांत मळत बोराएवढा गोळा करायचा, अंगठ्यानं त्याला खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात आपला ठेचा उचलायचा. बोटाला एक शीत चिकटत नाही. नंतर मी पाणी घेऊन गेलो तर धुवायला काही नव्हतंच.

श्रीलंकेचे एक म्हातारे भंते होते. ते भात, वरण, वांगं असं हळू कालवायचे, की झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून हात फिरवायलेत असं वाटावं. दुसऱ्या पेराच्या वर कण जात नाही, तळहात कोरडा. घास ओठाशी आला की अंगठ्यानं अलगद आत सारायचा. मी दोन दिवस मामीसमोर तसं करून बघितलं. मनगटापर्यंत वरण आलं.

लडाखचे भंते वाटीत चहा, लोणी आणि भाजलेल्या सातूचं पीठ घ्यायचे. एका हातानं वाटी फिरवत दुसऱ्या हाताच्या बोटांनी असं मळायचे की वाटी धुतल्यासारखी निघायची. लिंबाजी म्हणला, "आपल्या बायांनी परात अशी पुसून काढली असती तर निम्मं पीठ वाचलं असतं." मामी मागंच उभी होती. म्हणली, "तू एक भाकरी थापून दाव, मग परातीचं बोल." 

थायलंडचे भंते चमच्यानं जेवायचे, पण त्यांना भाकरीचं लय अप्रूप. एका हातानं तुकडा कसा मोडायचा ते मी शिकवायला बसलो. त्यांची भाकरी सगळ्या ताटात पळायची. शेवटी ते हसले, मी पण हसलो. लय दिवसांनी हसलो.

शेवटच्या दिवशी श्रीलंकेच्या भंतेंना मी विचारलं, इतकं नीट जेवायला कोण शिकवतं? त्यांना हिंदी थोडी येते. म्हणले, भिक्खूला जेवायचे नियम असतात. घास गोल करावा. हात झाडू नये. घास जवळ येईपर्यंत तोंड उघडू नये. तोंडात घास असताना बोलू नये.

मी पाणी घालत होतो. ते त्यांच्या हातावर पडायचं सोडून चिवरावर पडलं.

मावशी, आता ते लिहितो.

ऑक्टोबरात त्या रविवारी मी तुमच्या घरी एकटाच आलो. पोरगी मागायला मोठ्यांना घेऊन जातात, एवढी पण अक्कल नव्हती. तरी तुम्ही ताट वाढलं. अंबाडीची भाजी, वरून लसणाचं तेल. सिताराम काका समोर जेवायला बसले होते. ते एवढंच म्हणले, "आधी डिग्री घे, मग घरच्यांना घेऊन ये. आता पोटभर जेव." यात अपमान कुठं होता ते चार महिने शोधायलोय, सापडत नाही. मी काय म्हणलो ते तुम्हाला पाठ असेल. तरी मी माझ्या हातानं एकदा लिहितो.

"भिंतीकडं तोंड करून जेवणाऱ्यानं मला शहाणपण शिकवू नये."

कडबा कापायच्या मशीनमध्ये काकांची दोन बोटं गेली, त्यानंतर महिनाभर ते कोणासमोर जेवत नव्हते, भिंतीकडं बसायचे. ही गोष्ट मला तुमच्या सुकेशनीनं सांगितली होती. कॉलेजच्या पायऱ्यांवर, डोळे पुसत, फक्त मला. तिनं विश्वासानं दिलेलं मी तिच्याच बापाला फेकून मारलं. आणि तेव्हा माझ्या तोंडात तुमचा घास होता.

तव्यावर दुसरी भाकरी फुगली होती. ती माझीच होती. मी उठलो. सुकेशनी दारात होती, तिनं बाजूला होऊन वाट दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही मागून म्हणलात, "आरं, हात तर धू."

नाही धुतला. सेलू स्टेशनपर्यंत तसाच चालत गेलो. अंबाडी वाळून बोटं ताठ झाली. तिकीट डाव्या हातानं काढलं. परभणीला उतरेपर्यंत हात मांडीवर उताणा ठेवून बसलो, दुसऱ्याचा असल्यासारखा. आठ दिवसांनी कॉलेज सोडलं. काका डिग्री म्हणले ना, मग डिग्रीच नको. असा माझा राग, मावशी.

पुढचं काकांना वाचून दाखवा.

काका, चार दिवस मी चार मुलखांच्या हातांवर पाणी घातलं. कोणी गोळा करतं, कोणी कालवतं, कोणी मळतं. पण घासाचा भार अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांवर असतो. करंगळी आणि तिच्या जवळचं बोट नुसती सोबत जातात. घास उचलायला जे लागतं ते सगळं तुमच्या हाताला आहे. त्या दिवशी तुम्ही तीन बोटांनी भाकरी मोडत होता, ताटाबाहेर चुरा पडला नाही. मला ते तेव्हाच दिसलं होतं, आवडलं पण होतं. तरी मी ते बोललो. 'माफ करा' असं तीनदा लिहून खोडलं, कारण लिहिल्यावर फार लहान दिसतं. आता राहू देतो. माफ करा.

मावशी, सुकेशनीनं माझा नंबर बंद केला, ते बरोबर केलं. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर वही पुरणार नाही, म्हणून एकच लिहितो. इथं रोज शंभर भाकऱ्या होतात. एका कडेला करपलेली निघाली की ती मी काढून घेतो. तिच्या डब्यातली भाकरी तशीच असायची. हे तिला सांगू नका. सांगितलं तरी चालेल.

रविवारी तुमच्याकडं नांदेडची माणसं तिला बघायला यायलीत, असं तिच्या वर्गातल्या प्रियांकानं सांगितलं. ऐकून मी काय काय फोडलं ते मामाला विचारा. पण मी रविवारी येणार नाही, कोणाच्या आडवा जाणार नाही. फक्त त्यांना जेवायला बसवा आणि काकांना त्यांच्यासमोर बसवा. त्यांच्यातलं कोणी काकांच्या हाताकडंच बघत राहिलं तर तिथं पोरगी देऊ नका. मला द्या असं म्हणत नाही. ते म्हणायचं तोंड मी घालवलं.

कॉलेजात जाऊन आलो. जूनमध्ये परत नाव घालता येतं. घालणार आहे. काका म्हणले म्हणून नाही, आणि काका म्हणले म्हणून पण.

सोमवारी दुपारच्या गाडीनं मी सेलूला येतो. आवाज देणार नाही, दार वाजवणार नाही. ओसरीत पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला दिसला तर पायरी चढेन. नसला तर आल्या वाटेनं स्टेशनवर जाईन, आणि तुम्हाला परत त्रास देणार नाही.

तुमच्या घरून हात न धुता गेलेला,
सिद्धोधन